पाचवं पाणी

ज्यांगयूला, फू नदीच्या काठी,
जूनच्या अखेरीला बचनाग उपटतात.
मधला कंद आई. तिला म्हणतात कावळ्याचं डोकं.
तिच्या कुशीला चिकटून आलेली पोरं
आम्ही चाकूनं सोडवून घेतो.
औषधाला पोरंच लागतात.
रात्रभर उघडी राहिली तर सडतात,
म्हणून त्याच संध्याकाळी
मिठाच्या विहिरींच्या कडू पाण्यात.

योंग शीफूंकडे सव्वीस रांजण होते माझ्या हाती.
वय एकोणीस, बोटांना भेगा,
भेगांत तेच पाणी.

कच्च्या कंदाचा सुपारीएवढा तुकडा
धडधाकट गड्याचं काळीज अडखळवतो.
तोच खारवून, उकडून, सोलून,
चकत्या करून, धुऊन, पुन्हा धुऊन, वाफवून
म्हातारीच्या गार पडलेल्या पावलांत ऊब आणतो.
मधे काय होतं नक्की?
मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.
"पाणी," शीफू म्हणाले. "आणि मोजणारं माणूस."

त्या रात्री म्यानयांगहून माझा भाऊ आला,
मोटरसायकलवर, बोकडाच्या भाजक्या काड्या घेऊन.
कागदातून तेल झिरपत होतं.
तेवीस रांजणांना पाच पाणी झाले होते.
उरलेल्या तिघांना चार.
कोण बघतंय.

सकाळी शीफूंनी विचारलं, "किती?"
"पाच."
जिभेला काय, हाड नसतं.

ते सरळ पंचविसाव्याकडे गेले.
(कसं कळलं, अजून ठाऊक नाही.
कदाचित माझी नजर आधी तिकडे गेली.)
चकती उजेडात धरली, आरपार खिडकी दिसली.
एक स्वतःच्या तोंडात,
एक माझ्या तळहातावर.
"चाव. गिळू नकोस."

आधी काहीच नाही.
उकडलेल्या चेस्टनटसारखी पुसट गोडी.
मग शेंड्याला एक मुंगी.
मग तिचं सगळं वारूळ,
हिरडी, गाल, खालचा ओठ,
मांडी घालून बसल्यावर पाय जातो, तसं तोंड गेलं.
शीफू घड्याळाकडे बघत होते.
थुंकले. मीही थुंकले.
"आता सांग. किती?"

पाच म्हणायला गेले, तर ओठच जुळेनात.

ते रागावले नाहीत, हेच वाईट.
दुपारी स्वयंपाकातल्या मू काकूंनी
भात वाढता वाढता सांगितलं:
शीफूंच्या सासऱ्यांनी नवीन वर्षाच्या जेवणात
चुकून गुडघ्याला चोळायची बाटली उघडली होती,
दारूत कच्चे कंद घातलेली.
पहिला पेला जावयानंच भरला होता.
इतकंच सांगून काकू लोणच्याच्या बरणीकडे वळल्या.

शीफूंना आता मीठ कळत नाही.
चाळीस वर्षं त्या मुंग्या मोजल्या,
बायकोच्या हातचं सगळं सारखंच लागतं म्हणतात,
आणि तरी दोन वाट्या सूप मागतात.
मुंगी मात्र एक असली तरी कळते.

हल्ली चेंगडूहून यंत्र आलंय.
ते आकडे छापतं, आकडे बरोबर असतात,
कागदावर लाल शिक्का बसतो.
मग शीफू चश्मा काढून ठेवतात
आणि एक चकती जिभेवर.

मी त्या दिवशी तिन्ही रांजण उपसले.
जीभ संध्याकाळपर्यंत जड होती,
भावाचा फोन आला, त्याला वाटलं मी प्यायलेय.
पाचवं पाणी भरलं.
मग कुणी सांगितलं नव्हतं, तरी सहावं.