डावे आटे

नऊ दिवस डिझेल पाजलं इंजिनाला,
प्लगच्या चार भोकांतून, रोज दिवेलागणीला,
आजाऱ्याला पेज पाजावी तसं.
दहाव्या दिवशी पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून
वरून घणाचा हलका ठोका दिला.
हललं काहीच नाही.
गोठ्यातल्या गाईनं फक्त कान हलवले.

तळोधीच्या लिलावात या जीपवर बोली नव्हती.
भंगारवाला म्हणाला, किलोनं घेतो.
मी म्हणालो, मी नगानं घेतो.
ट्रॅक्टरमागं साखळीनं ओढत आणली
तेव्हा बायको दारात आली, बघितलं,
आणि आत गेली.

आधी नुसतं रिकामं करणं:
तणस, सापाची कात, कोंबडीची जुनी अंडी,
सीटखाली उंदरानं कुरतडलेला कुठल्याशा शाळेचा हजेरीपट.

मग डाव्या चाकाचे नट.
अंगाचा सगळा भार पान्यावर टाकला.
दोन स्टड तुटले, तिसऱ्याला माझी बोटं सोलली,
तेव्हा नागभीडचा मुखरू लेथवाला आला.
न पेटवलेली विडी तोंडात धरून बघत राहिला.
"कायले झगडून रायला बापा?
हिचे डावीकडचे आटे उलटे रायते.
तू त कसून रायला, अन् म्हणते खोलतो."

त्या रात्री भावाशी झालेलं
बांधाचं भांडण आठवलं.
मग झोप लागली.

धानाची कापणी झाल्यावर रंग खरवडायला घेतला.
वरचा पांढरा, कुणाच्या तरी निवडणुकीचा.
त्याखाली ठेकेदाराचा निळा,
मग जंगलखात्याचा हिरवा,
आणि सगळ्यांत तळाला, राखाडीवर
चार-पाच अक्षरं: हिवताप नि...
पुढचं गंजानं खाल्लेलं.

आई ओट्यावर लाखोळी निवडत होती. बोलावलं.
अक्षरं तिनं वाचली नाहीत,
बंपरवर हात ठेवला.
"हे गाडी आली का आमी सिंदीच्या बनात पळो.
भिती पांढऱ्या, भांडे पांढरे, कोंबड्या पांढऱ्या.
फवारलं का सारवाचं नाही म्हणत.
अन् बोट टोचत. हे."
अनामिका वर केली.
"काचेवर थेंब घेऊन गेले.
काय निंघालं, कोणी सांगतलंच नाही."

महिन्याभरानं तळाचा पत्रा कापताना
चासीच्या फटीत एक काच सापडली,
बोटाएवढी, कोपरा तुटलेली,
मधोमध तपकिरी डाग,
कडेला कोरलेला आकडा, ४१७.
आईनं ती उन्हात धरली, उलटीपालटी केली,
परत माझ्या हातात दिली.
"माही नोहे. माहं रगत लाल होतं."

तळाला जुन्या धानाच्या कोठीचा पत्रा बसवला.
रेडऑक्साइडचे दोन हात.
कार्बोरेटर उकळला बायकोच्या गंजात;
आमच्याकडे भांड्यालाही गंजच म्हणतात,
दोन्ही गंजांवरून तिनं एकदाच बोलून घेतलं.
मुखरूनं स्टड घडवले, पैसे घेतले नाहीत.
"पयली फेरी मले."

माघातल्या एका सकाळी हँडल मारलं.
तीनदा उलटा झटका, मनगट सुजलं.
चौथ्यांदा खोकली,
निळा धूर सोडला, थरथरली, चालू राहिली.
गाय दावं तोडून गेली ती दुपारीच परतली.

पहिला गिअर पडेना. दुसरा पडेना.
पडला तो रिव्हर्स.

म्हणून आम्ही मागं निघालो,
गोठ्यातून गल्लीत, गल्लीतून बोडीच्या पाळीकडं,
शेजारी मुखरू, विडी आता पेटलेली,
आणि मागच्या बाकावर आई,
कुणी बसवलं नव्हतं, तरी बसलेली.
मी समोर बघत, आरशात चाचपडत.
सगळ्यांत पुढं तीच होती,
रस्ता तिलाच दिसत होता.

"डावीकडं घे," ती ओरडली,
"डावीकडं म्हणतो ना!
तुही नाही रे पोट्ट्या,
माही डावी."