तीन सेकंद जास्त

सेन्दाईत जानेवारीत साडेचारलाच दिवे लागतात.
तळघरातल्या प्रयोगशाळेत ओनोदेराबाई
झिर्कोनियमच्या मिश्रधातूची चकती टेबलावर ठेवतात,
कोटाच्या गुंडीएवढी, आरशासारखी,
आणि वरून पोलादी गोळी सोडतात.
टक्. टक्. टक् टक् टक्टक्टक्
थांबायचं नावच घेत नाही गोळी.

हा धातूच, पण पंगत बसायच्या आतच
कुणी दिवे घालवावेत तसा
वितळलेला असताना एकदम गारठवलेला.
जो अणू जिथे उभा होता तिथेच राहिला,
कुणाचा खांदा कुणाच्या पाठीत,
पाट कुणालाच मिळाला नाही.
बाई याला काच म्हणतात.

मग तांब्याचं वेटोळं.
ते चकतीला शिवत नाही.
ज्योत नाही, धूर नाही,
नुसती एक बारीक गुणगुण,
आणि चकतीच्या कातडीलगत विजेचे भोवरे.
ताप कुणी लावलेला नसतो,
तिच्या अंगातून तिलाच चढतो.

नवा पोरगा, कुदो हारुमा, बटणावर बोट ठेवून बसलाय.
अकरा सेकंद, असं बाईंनी पाटीवर लिहिलंय.
इतक्यात फोन उजळतो, अकिताहून आई:
बर्फानं शेडचं छप्पर बसलं, आम्ही ठीक.
तो वाचतो. पुन्हा वाचतो.

चौदा.

दिसायला काहीच बदललेलं नाही.
गुंडी तीच, आरसा जरासा पिवळट.
पण आत कुठेतरी हाक गेली असणार:
बसा, बसून घ्या,
आणि रांगा लागल्या, शिस्तीत, कडेपासून आत.
गार झाल्यावर बाई गोळी सोडतात.
टक्.
चकतीचे चार तुकडे, आणि गोळी टेबलाखाली.

कुदो वाकून माफी मागतो, बराच वेळ वाकलेला राहतो.
"छप्पर कुणावर पडलं नाही ना?" बाई विचारतात.
"नाही."
मग त्या चहाचा जुना डबा उघडतात,
त्यात तुकडेच तुकडे, प्रत्येकाला चिकटवलेली तारीख,
सगळ्यात जुन्या चिठ्ठीवर त्यांचंच लग्नाआधीचं आडनाव.
आजचे चार त्या वर ठेवतात.

"घरी फोन कर आधी."
तो जिन्यात जातो. वरून त्याचा आवाज येतो,
इथल्यापेक्षा जड, गावाकडचा.
खाली बाई नवी चकती ठेवतात
आणि कुणी मोजत नसताना
गोळी सोडतात.