वर्तमानकाळात सांगा

केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात
निजाम परकारांनी लिहिलं: जहाजावर ऑइलर.
पुढचा रकाना, आघाताचं कारण, कोरा.
मी विचारलं, युद्ध लिहू?
म्हणाले, मी कुठे लढलो बाई,
मी इंजिनाला तेल पाजत होतो.

घर माझगावात, गोदीच्या भिंतीला लागून.
आठ महिने झाले, ते उंबऱ्याशी झोपतात
पायांत बूट घालून.
बायको कुकर लावत नाही, भात पातेल्यात शिजवते.
मुलगा दार हळू लोटायला शिकलाय. चार वर्षांचा आहे.

उपचार साधा आहे, म्हणजे क्रूर आहे.
डोळे मिटा आणि सांगा.
पुन्हा सांगा.
होता नाही, आहे म्हणा.

रोमेल उभा आहे.
तांबडा समुद्र. रमजानची एकविसावी रात्र.
चार ते आठचं वॉच माझं आहे.
रोमेल खालून इंटरकॉमवर हसतो आहे,
जेव सावकाश, अर्धा तास मी थांबतो.
माझ्या हातात खजूर आहे.
माझ्या हातात खजूर
आहे.

पहिल्या मंगळवारी इथवरच.
माझा काचेचा पेपरवेट त्यांच्या मुठीत होता.
मी तो मागितला नाही.

चौथ्या मंगळवारी जिन्यात पाणी चढलं.
सहाव्यात दिवे गेले.
सातव्यात ते आलेच नाहीत. फोन बायकोने उचलला:
गोदीच्या फाटकाशी गेलेत, भोंगा ऐकायला.
तुम्हीच सांगितलंत ना?

सांगितलं होतं. शिडी काढून दिली होती कागदावर:
कुकरची शिट्टी, डिझेलचा वास, जहाजाचा भोंगा,
इस्पितळाच्या तळघरातली जनरेटरची खोली
(तिथे आम्ही दोघं पंचवीस मिनिटं उभे होतो,
वॉचमनला वाटलं, मीटर बघायला आलेत).
सगळ्यात वरची पायरी त्यांनी स्वतः लिहिली,
पेन्सिलीने. खजूर.

शाळेत व्याकरणाच्या तासाला
भूतकाळ म्हटलं की आम्ही मुली फिदीफिदी हसायचो,
काळाला कसलं आलंय भूत.
आता वीस वर्षं हेच करते आहे:
जे अजून घडतंच आहे
ते माणसाच्या अंगातून उतरवायचं
आणि क्रियापदाच्या शेपटाला नेऊन बांधायचं.
दर वेळी बांधता येतं असं नाही.

अकरावा मंगळवार. डोळे मिटलेले,
पंख्याखाली घाम तोच, आवाज तोच.
म्हणाले, रोमेल उभा होता.
दुरुस्त करायला मी तोंड उघडलं
आणि मिटलं.

थांबतो असं तो म्हणाला होता.
मी मागितलं नव्हतं.
मग बराच वेळ
बाहेरच्या बाकावरचा कुणाचा तरी खोकला.

जाताना त्यांनी खिशातून पुडी काढली.
भेंडीबाजारात एकच खजूर मागितला,
दुकानदार म्हणाला, एकाचे काय पैसे घेऊ, न्या.
केसपेपरवर ठेवला, कोऱ्या रकान्यावर नेमका.
चिकट डाग पडला.
आज नको, म्हणाले. पुडी परत वळली.

पुढची वेळ मी साडेतीनची लिहीत होते.
त्यांनी बोटाने थांबवलं.
चारची द्या.
चारला मी हजर असेन.