नळी

पत्र्याची नळी. झाकण गंजून बसलेलं,
चमच्याच्या दांड्यानं उचकटलं
तर आतले कागद
सपाट करावेत तसे पुन्हा गोल होतात,
जणू जमिनीची सवयच नाही त्यांना.
खलाशी या कागदांनाही नळीच म्हणत.

गफूर हमदुले, सुकाणी.
उंची पाच फूट चार. डाव्या भुवईवर व्रण.
मग बोटी, बंदरं, तारखा,
आणि प्रत्येक ओळीशेवटी तोच जांभळा शिक्का:
वर्तणूक उत्तम. काम उत्तम.

बॅलार्ड पिअरला तेव्हा आगगाडी थेट बोटीपाशी यायची.
साहेबांच्या ट्रंका वर, मडमांच्या टोप्यांचे डबे वर,
एकदा तर अख्खा पियानो,
आणि आईचा मामू खालच्या दारानं,
मांडवीच्या जमातखान्यातून चालत आलेला.
एडन, सुएझ, मार्सेय, टिलबरी.
चाक त्याच्या हातात; रस्ता दुसऱ्याचा.

रात्री सारंग सांगायचा
बर्फाला धडकलेल्या त्या बोटीची गोष्ट,
कधी बुडणार नाही असा जिचा लौकिक होता.
मामू एवढंच विचारायचा:
सुकाण्याला वेळेत सांगितलं होतं का कुणी?

बेचाळीसच्या पानावर शिक्का नाही.
शाईनं एकच शब्द: बुडाली.
नऊ दिवस होडीत,
शिडाच्या कापडावरचा पाऊस चाटत.
तीन महिन्यांनी पुन्हा भरती.
वर्तणूक उत्तम.

सत्तेचाळीसचा जुलै, अमावास्या.
भाऊच्या धक्क्यावरून रेवस, सकाळची वाट.
बहिणीसाठी विलायती साबण
आणि रुमालात बांधलेली कात्री.
मामूनं तिकीट काढलं,
आयुष्यात पहिल्यांदा उतारू झाला.

काशाच्या खडकाजवळ लाट आली.
माणसं एका अंगाला धावली
आणि ‘रामदास’ कलली ती कललीच.
मला वाटतं, त्याचे हात चाक शोधत असतील.
आई म्हणते, छे, कुणाचं तरी पोर उचलत असेल.
आम्हा दोघींपैकी कुणालाच ठाऊक नाही.

नळी तेवढी राहिली.
जमातखान्यातल्या फळीवर ठेवून गेला होता;
घरी जायला कसले कागद?

शेवटच्या ओळीत पेन्सिलीनं पुढची बोट लिहिलीय,
पाच ऑगस्ट, मुंबई.
अक्षर घाईतलं. पुढचे रकाने कोरे.

मी कागद गुंडाळायला घेतले तर आई म्हणाली,
झाकण लावू नकोस एवढ्यात.