स्थानिक नाव

रंकाळा स्टँडवरून पहाटेची दाजीपूर गाडी,
फाट्यापासून दीड तास चढण,
मग एका जांभळीवर, दोन पुरुष उंचीला,
पान नसलेल्या काड्यांना ही पांढरी फुलं.
फेब्रुवारीचं ऊन. हुक्केरी सर मान दुखेतोवर वर बघत,
म्हणाले, "डेंड्रोबियम. पुढचं कोल्हापुरात गेल्यावर."

पुढचं म्हणजे ओठ.
आमरीची ओळख ओठावर ठरते:
सुईच्या टोकानं उलगडायचा, भिंगाखाली धरायचा,
लव आहे का, कुठवर आहे,
मागचं शेपूट आखूड की लांब.
एका मिलिमीटरसाठी सर आणि नलवडे मॅडम
दोन आठवडे एकमेकांचा चहा पीत नव्हते.

कपाटात याच डोंगरातला जुना नमुना आहे.
त्याच्यावर तीन चिठ्ठ्या, एकीच्या खाली एक,
तीन हस्ताक्षरं, तीन नावं,
प्रत्येकाला मागचा चुकला असं वाटलेलं.
खालची काडी तशीच. तपकिरी.
तिला कुणी खोडलेलं नाही.

मी सहायक. माझं काम शिवायचं.
जाड काडी डिंकाला दाद देत नाही,
पांढऱ्या दोऱ्यानं चार टाके घालते, गाठ मागे,
आणि लेबल भरते:
नमुना एकशे त्रेचाळीस. यजमान वृक्ष जांभूळ.
रंग पांढरा (आता लिहिलाच पाहिजे, वाळल्यावर कुणाला पटणार नाही).
स्थानिक नाव—

तिथं धनगरवाड्यावरची विठाई झोरे आठवते.
सरांनी तिला लॅटिन नावाचा अर्थ सांगितला, छोटी दाढीवाली.
ती पदर तोंडाला लावून हसली,
"फुलाला दाढी? आन् शिकलेली मानसं तुमी!"
मग तुम्ही काय म्हणता?
"आमी? कशाला काय म्हनू?"
सर पेन उघडून थांबलेच होते.
तिनं जांभळीकडं बघितलं, मग खालच्या दगडाकडं.
"चांदरीचं म्हना.
आमची चांदरी म्हस हितंच व्याली, राती,
वरच्या अंगाला बिबट्या वरडत हुता.
दिवटी वर केली तवा ही फुलं दिसली.
रेडी जगली. म्हस गेली पुढच्या साली."

सरांनी पहिला शब्द तेवढा लिहून घेतला.

मीही तेवढाच उतरवते. चांदरी.
चौकोन लहान आहे, बिबट्या मावत नाही.
उद्या कुणी अभ्यासक हे वाचील आणि टीप देईल:
फुलाच्या शुभ्र रंगावरून पडलेलं नाव.
बरोबरच वाटेल ते.

सर विचारतात, "झालं?"
झालं म्हणते, फाइल कपाटात सारते,
डांबराच्या गोळीचा वास येतो.

टेबलावर दाबणीतून काढलेला पेपर उरतो,
गुळाचे भाव, खासबागेतल्या कुस्तीचा निकाल,
आणि पैलवानाच्या खांद्यावर
फुलानं सोडलेला ओला, पिवळट डाग,
पाच पाकळ्या आणि ओठ, स्पष्ट.
रद्दीत टाकायचा पेपर
मी अजून हातात धरून उभी आहे.