तांबट, सत्तेचाळीस नंबर

एप्रिलच्या यादीत माझ्या नावापुढं
पोल नंबर चाळीस ते साठ, मणदूर फीडर.
काम नेहमीचं : तारेला लागणारा झाडोरा तोडणे.

नकाशात चांदोलीचं जंगल संपतं
तिथं सत्तेचाळीस नंबर उभा आहे.
जंगलाला तसं कुणी कळवलेलं नाही.
ते उतरून येतं ओढ्याओढ्यानं,
उंबर, जांभूळ, करवंदीची जाळी,
आणि पोलाला खेटून एक पांगारा,
निम्मा जिवंत, निम्मा वाळलेला.
वाळलेला निम्मा माझ्या यादीत.

लाइन बंद केली. अर्थिंगची साखळी टाकली.
दाऊदनं खाली शिडी धरली.
कोयता उचलला, आणि कानाशी
टुक्. टुक्. टुक्.
मला वाटलं, कुणी पोल ठोकतंय.

मुठीत मावेल एवढा जीव.
अंग हिरवं, कपाळावर कुंकू उपडं झालेलं,
डोळ्यांभोवती, गळ्याशी हळद,
हळदीखाली पुन्हा एक लाल पट्टा,
पाय पोवळ्याचे, चोचीला मिशा.
एवढे रंग शाळेच्या भिंतीवरसुद्धा
एका वेळी मंजूर होत नाहीत.
दर ठोक्याला मान वळवतो,
म्हणून समजत नाही
ठोका नक्की कुठल्या अंगानं येतोय.

जुने लाइनमन सांगतात,
पूर्वी तारा तांब्याच्या असायच्या.
मग तांबं महागलं, चोर शिकले,
आणि डोंगरभर अॅल्युमिनियम ओढलं गेलं.
याला ते सर्क्युलर मिळालेलं नाही.
हा अजून तांबंच ठोकतोय,
उन्हाच्या ऐरणीवर, बिनपगारी.

फांदीच्या पोटाला गोल भोक,
रुपयाहून थोडं मोठं, कडा घासून गुळगुळीत.
जोडीदारीण आली, चोचीत पिकलं उंबर,
भोकात डोकं घातलं, आणि आतून
दातेरी चाक फिरावं तसा आवाज.
ती गेल्यावर भोकात हा येऊन बसला,
फक्त कपाळ बाहेर,
मीटरवरच्या दिव्यासारखं लाल :
आत सप्लाय चालू आहे.

फोन वाजला. गिरणीतून सुलाबाई :
"दहा मिनिटं म्हणालास बाबा,
पाऊण तास झाला,
निम्मं दळण पट्ट्याखाली अडकलंय."
दाऊदनं खालून विचारलं, "तोडतोयस का झोपलास?"

मी बाजूचे चार फाटे उतरवले.
वाळक्या फांदीखालून जाणाऱ्या तारेवर
प्लॅस्टिकची नळी चिरून चढवली,
तिन्ही ठिकाणी सुतळीनं आवळली.
वहीत लिहिलं : अंतर पुरेसं.
शेंडगे साहेबांनी सही केली
न बघता, नेहमीप्रमाणे. त्या दिवशी
मला त्यांचा राग आला नाही.

मेच्या मध्यावर वावटळ झाली.
रात्री साडेअकराला फीडर बसला,
सगळी वाडी अंधारात,
आणि अंधाराला माझाच नंबर पाठ.
पहाटे गेलो. फांदी खाली पडलेली,
मोडली ती बरोबर भोकापाशी.
पिल्लं उडाली होती का?
पिसं नव्हती. मुंग्या नव्हत्या.
याहून जास्त मला सांगता येत नाही.

दाऊद म्हणाला, "मी तेव्हाच म्हणत होतो."
तो तेव्हा काहीच म्हणाला नव्हता.

उजव्या हाताची करंगळी माझी अर्धी आहे,
बाकीची कोकरूडच्या एका डीपीनं ठेवून घेतली.
तिथं अजून कधीकधी खाज सुटते,
जिथं बोट नाही, तिथं.
तेवढी अर्धी मी भोकात घातली.
बरोबर बसली.
आत भुसा, ऊब नाही,
आणि उंबराच्या बिया, मोहरीहून बारीक,
चिकटून आल्या थोटक्या टोकाला.

पोलाच्या बुडाशी, सिमेंटला तडा गेलाय तिथं
बोट पुसलं. सवयीनं.

काही उगवलंच,
तर यादीत येईल.
तोडायला मलाच पाठवतील.