चौथी खेप

लिक्सेलेच्या न्यायालयात मी वकील नाही, न्यायाधीश नाही.
शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं बटाटे सोलले,
आता महिन्यातून दोनदा
न्यायाधीशबाईंच्या डाव्या हाताला बसते.
कायदा त्यांना कळतो. आम्हा तिघा नागरिकांना
माणसं कळावीत, अशी अपेक्षा आहे.

आज पुन्हा एव्हर्त.
तोच राखाडी स्वेटर, कोपराला तेच ठिगळ,
ठिगळाला आता आणखी एक ठिगळ.
सरकारी वकील वाचतात: सतरा जानेवारी, रात्र, उणे सव्वीस.
गाडी सरळ चालली होती,
पुढचा दिवा एकच लागत होता म्हणून अडवली.
श्वासाच्या यंत्रातला आकडा वाचतात.
यापूर्वी तीनदा, असं म्हणून तीन तारखा वाचतात.

"कुठं निघाला होतात?"
"निघालो नव्हतो. परत येत होतो."
"कुठून?"
तो विचार करतो. खरंच करतो.
"आठवत नाही. पण गाडीचं तोंड घराकडं होतं."

दार लावून आम्ही आत बसलो.
मागच्या वेळी यानं कानाला खडा लावला होता, कुणीतरी म्हणालं.
"त्याच्या मागच्या वेळीही," रूणे म्हणाला,
"आता त्या कानात जागा नाही.
तुरुंगात पाठवा. त्याच रस्त्यानं माझी नातवंडं शाळेत जातात."
तूवा, आमच्यातली सर्वांत लहान, उपचार म्हणाली.
बाईंनी समजावलं: उपचाराचा करार.
पाळला, तर तुरुंग नाही.
मोडला, तर किती महिने, ते आजच लिहून ठेवायचं.
म्हणजे शिक्षा शिवून तयार,
दाराशी खुंटीला टांगलेली,
त्याच्याच मापाची.

मग सगळे माझ्याकडं बघू लागले.

सिक्स्तेन जाऊन नऊ वर्षं झाली. माझा नवरा.
तळ्याकाठच्या लाकडी खोलीतून शनिवारी रात्री घरी,
बावीस किलोमीटर,
मागे झोपलेली पोर, शेजारी मी.
मी रस्ता बघत नसे, त्याचे हात बघत असे.
डोळा लागू नये म्हणून बोलत राहायची:
बटाट्याचे भाव, शाळेतली नवी भट्टी,
काहीही.
कुणी कधी अडवलं नाही.
आमचे दोन्ही दिवे नीट लागत.
त्याच्या नावापुढं एकही तारीख नाही,
गावानं त्याला सभ्य माणूस म्हणून पुरलं,
कॉफीबरोबर केक मीच केला होता.

"करार," मी म्हणाले.
रूणेनं आपलं वेगळं मत निकालाला जोडायला लावलं.
तो चुकला, असं मला आजही
छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

निकालातले "आठ महिने" तेवढे एव्हर्तला ऐकू आले.
त्याच्या वकिलानं दंडाला धरून पुन्हा सांगितलं:
मोडलास, तर. मोडलास, तरच.
त्यानं मान हलवली.
गाडी जप्त, हे ऐकल्यावर मात्र ओठ थरथरले.
"थंडीत तिला सुरू करायची एक खुबी आहे," तो म्हणाला,
"ज्याला द्याल त्याला सांगावी लागेल."
लेखनिकानं ते टिपलं नाही.

मार्चमध्ये तो दुकानापुढच्या चढावर दिसला,
एका पायानं बर्फ मागे रेटत
जुनी घसरगाडी ढकलत होता.
मी मागून गाडीत. हॉर्न वाजवला नाही,
त्याच्याच वेगानं मागोमाग गेले, वळणापर्यंत.
घसरगाडीच्या बैठकीवर एक पिशवी होती, गाठ मारलेली.
आत काय होतं, दिसलं नाही.
बघायला मी मान लांब केली होती, एवढं खरं.